काना

पटवर्धन बागेच्या कोपऱ्यावर, पंक्चरच्या दुकानावरचा पहिला मजला.
घरी सांगितलं, दाढ दुखतेय.
दाढेला कुणी कारण विचारत नाही.

बाकावर एक मुलगा, कॉलेजातला असावा,
सारखा हात पुसत होता. कोरडेच.
त्याची आई मासिक उलटं धरून वाचत होती.

आत डॉक्टर बागवान. वयानं माझ्या भाचीएवढ्या.
टेबलावर मेंदूबिंदू काही नाही,
एक कुंडी, तिला पाणी जरा जास्तच झालेलं.
म्हणाल्या, आधी हे भरा. गेल्या दोन आठवड्यांचं.

प्रत्येक प्रश्नापुढे चार चौकटी :
कधीच नाही, काही दिवस,
बरेच दिवस, जवळजवळ रोज.

एकतीस वर्षं मी मुद्रितं तपासते.
पंचांगं, पाककृती, सहकारी बँकांचे अहवाल,
एकदा एका बिल्डरचं आत्मचरित्र.
पेन मिळालं की हात आपसूक समासाकडे जातो.
सातव्या प्रश्नात छापलं होतं : 'एकग्रता साधता न येणे.'
मी क-ला काना दिला. समासात खूण केली.
मग चौकट भरली : जवळजवळ रोज.

डॉक्टरांनी कागद बराच वेळ पाहिला.
"लक्ष लागत नाही म्हणता, आणि हे दिसलं?"
"चूक दिसते," मी म्हटलं. "तेवढीच दिसते.
पानभर मजकूर असतो, तो दिसत नाही.
संध्याकाळी अख्खा दिवस पुढ्यात घेऊन बसते
आणि त्यात फक्त माझी चूक.
भात लागला ती. फोन उचलला नाही ती.
वहिनी गेल्या त्या दिवशी मी रडले नाही, ती."

त्या लिहून घेत गेल्या, विचारत गेल्या,
हवापाण्याचं विचारावं तशा आवाजात :
हे कधीपासून? पाडव्यानंतर, की त्याही आधी?
पहाटे किती वाजता जाग येते?
कधी उलटं झालंय का, झोप नको, भूक नको,
तरी अंगात वारं भरल्यासारखं, हातात पैसा टिकत नाही?
"नाही हो," मी म्हटलं, "तेवढं कुठलं नशीब."
त्या हसल्या नाहीत. का विचारलं ते सांगितलं :
त्या आजाराचं औषध वेगळं असतं.

येताना पाहिलं होतं, खाली तो पंक्चरवाला
ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात धरून
हळूहळू फिरवत होता. बुडबुडा कुठून येतो ते बघत.

"जगू नये असं वाटतं का?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.
"वाटतं. काही करावंसं नाही वाटत. पण वाटतं."
"बरं झालं सांगितलंत," एवढंच.

निदान लगेच नाही. आधी थायरॉइड, बी-बारा, साखर.
आठवड्यानं सगळं ठीक निघालं, आणि मी खट्टू झाले.
रक्तात काही असतं तर घरी सांगता आलं असतं.
मग त्यांनी लिहिलं : नैराश्य, मध्यम स्वरूपाचं.
सवयीनं तपासलं. न-वर दोन मात्रा. बरोबर.
'निराशा' नव्हे. ती बस चुकली तरी येते,
पुढची आली की जाते.
हे थांब्यावरच राहायला आलेलं.

दाढ तरी किती दुखणार? पाचव्या खेपेला
ह्यांना सांगून टाकलं. ते पंख्याकडे बघत राहिले.
मग म्हणाले, "रिक्षानं जातेस की बसनं?"
पुढच्या वेळी स्कूटर काढली. खाली थांबले,
गरज नसताना चाकात हवा भरून घेतली.

काही आठवडे गोळी घेऊन झाल्यावर पुन्हा तोच कागद.
नवा छापलेला. एकाग्रतेला काना मिळाला होता,
पण तो शेजाऱ्याकडून उसना आणल्यासारखा :
तिसऱ्या प्रश्नात आता होतं, 'झेप न लागणे.'

झेप!

मी हसले. इतक्या मोठ्यानं की मीच दचकले.
डॉक्टरांनी काहीतरी टिपून घेतलं.
पेन हातातच होतं.
तो काना मी दिला नाही.
राहू दे म्हटलं, एका कागदावर एवढं चालतं,
आणि चौकट भरली : काही दिवस.